न उघडलेलं पाकीट

बाइंडर गेला तेव्हा त्याच्या टेबलावर माझ्या वाचनालयाची सात पुस्तकं होती. सहा पूर्ण झाली होती. सातवं अर्धं शिवलेलं होतं आणि दोऱ्याला सुई तशीच लटकत होती. शेजारच्या चष्मेवाल्याने त्याच्या दुकानाचं दार उघडून दिलं, मी पुस्तकं पिशवीत भरली, आणि त्या अर्धवट पुस्तकाचं काय करायचं ते न कळल्यामुळे तिथेच स्टुलावर बसून राहिले. रडू आलं नाही. स्वतःचाच राग आला. तो राग गेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं वाचनालय म्हणजे एक लांबट खोली आहे. पुढे टेबल, मागे कपाटं, आणि उजवीकडे खिडकीखाली एक वेगळं कपाट, ज्याला मी 'पुन्हा एकदा' म्हणते. त्यात सगळ्या एकाच जातीच्या प्रेमकादंबऱ्या आहेत. पहिल्या प्रकरणात तो तिला फसवतो, ती निघून जाते, काही वर्षांनी तो पश्चात्तापाने सुकून परत येतो, आणि एकशेऐंशीव्या पानाच्या आसपास तिचा विश्वास पुन्हा बसतो. शेवटच्या पानावर मिठी. मला या कादंबऱ्यांची चीड आहे. पण याच कपाटावर माझं वाचनालय चालतं, त्यामुळे तोंड बंद ठेवून मी नव्या मागवते.

या कपाटाच्या वाचकांची एक पद्धत आहे. सगळ्या कादंबऱ्यांची नावं सारखी, मुखपृष्ठावर पाठमोरी उभी असलेली बाईही सारखीच. मग आपण हे वाचलंय की नाही ते कळायचं कसं? म्हणून प्रत्येकीने एकतिसाव्या पानावर आपली खूण करायची. कोणी कोपऱ्यात टिंब देतं, कोणी पानाच्या आकड्याला गोल करतं, एक निवृत्त शिक्षिका तर चक्क बरोबरची खूण करून खाली रेघ मारते. पुस्तक हातात घेतलं की आधी एकतिसावं पान बघायचं, आपली खूण दिसली की परत ठेवायचं. मी पूर्वी ओरडायचे, नंतर नाद सोडला.

त्या पानावर एक खूण अशी होती की ती दिसायची नाही, बोटाला लागायची. समासात, अगदी कडेला, सुईने पाडलेली तीन बारीक भोकं. ती खूण बुधवारवालीची.

बुधवारवाली ही बाइंडरची बायको. घर सोडून गेलेली. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत ती फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायची आणि मागच्याच गल्लीत एका खोलीत राहायची. तिला बुधवारी अर्धी सुट्टी असायची. त्या दिवशी ती दोन पुस्तकं परत करायची, दोन घेऊन जायची. कधी जास्त बोलायची नाही. पण पुस्तक वाईट निघालं तर टेबलावर असं आपटायची की मला कळावं.

त्या दोघांचं काय बिनसलं ते मला पहिल्यापासून माहीत होतं, कारण ते माझ्याच शब्दकोशात सापडलं होतं.

लग्नानंतर आठ वर्षं दोघांनी मिळून ते दुकान चालवलं. तो पुठ्ठे कापायचा, खळ लावायचा, शिकंज्यात पुस्तकं आवळायचा. ती शिवायची. तिच्यासारखी शिलाई गावात कोणाची नव्हती, हे तो स्वतः सांगायचा. एका वर्षी शाळेच्या वह्यांचं मोठं काम आलं होतं. वेळेत दिलं नाही तर पुढचं काम मिळणार नाही, असं होतं. त्याच आठवड्यात तिच्या भावाचं पत्र आलं. वडिलांचं काही खरं नाही, ताबडतोब निघ. पत्र बाइंडरच्या हातात पडलं. त्याने विचार केला, चार दिवसांत वह्या होतील, मग देऊ. म्हातारी माणसं चार दिवस काढतात. म्हाताऱ्याने तीनच काढले.

मग त्याला पत्र देता येईना. भावाने विचारलं, "पत्र नाही मिळालं?" हा म्हणाला, "नाही." सगळ्यांनी टपालखात्याला शिव्या घातल्या. ती तर पोस्टमनच्या घरी जाऊन भांडून आली. त्याच्या बायकोसमोर त्याला नाही नाही ते बोलली.

आता दुसरा कोणी असता तर त्याने ते पत्र जाळलं असतं. पण हा बाइंडर. कागद फेकायचा नाही, ही त्याच्या बापाने लावलेली सवय. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीचं अस्तर चिकटवतात, तसं त्याने ते पत्र समोर असलेल्या एका पुस्तकाच्या पाठीत चिकटवून टाकलं. वरून कापड, कापडावर अक्षरं. ते पुस्तक म्हणजे माझा शब्दकोश.

तीन वर्षांनी त्या शब्दकोशाची पाठ निखळली. मीच तो पुन्हा त्यांच्याकडे पाठवला. जुनं अस्तर ओल्या फडक्याने भिजवून सोलायचं काम तिचं असायचं. तिने भिजवलं, सोललं, आणि भावाचं अक्षर वर आलं. बाबा तुझंच नाव घेतात, असं एक वाक्य पूर्ण वाचता येत होतं. तिने तो ओला तुकडा टेबलावर सपाट ठेवला, हात धुतले आणि निघून गेली. जाताना आधी पोस्टमनच्या घरी गेली आणि त्याची माफी मागितली. माहेरी मात्र तिने काहीच कळवलं नाही. आईला घोर लागेल म्हणून माहेरच्यांच्या लेखी ती नवऱ्याच्या घरीच सुखाने नांदत होती.

मी बाइंडरला एकदा रागाने विचारलं होतं, "अहो, निदान जाळायचं तरी."

"कसं जाळणार बाई?" तो म्हणाला. "तिच्या घरचं पत्र होतं."

हा असा माणूस. याच्यावर चिडावं की याची कीव करावी, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

ती गेल्यावर वर्षभराने दुरुस्तीला गेलेल्या एका कादंबरीत त्याला ती तीन भोकं सापडली. शिलाईच्या सुईची भोकं तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? पुस्तक छातीशी धरून तो माझ्याकडे आला. चेहरा असा की कोणीतरी वारलं आहे किंवा जन्मलं आहे.

"ती हे वाचते?"

"हेच वाचते," मी म्हणाले. "उजवीकडचं अख्खं कपाट."

त्या दिवशी तो वाचनालयाचा सभासद झाला. तीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या या माणसाने तोवर एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पुस्तक त्याच्या लेखी उलटंच असायचं, आधी पाठ, मग कडा, मग पुठ्ठा, आणि आत जे काही छापलं असेल ते. आता तो ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. तिची खूण असलेली एकेक कादंबरी घेऊन जायचा आणि दहा दिवसांनी शंका घेऊन यायचा.

"बाई, या पुस्तकातल्या माणसाने तिला आगीतून काढलं. मग तिचा विश्वास बसला."

"मग काय, इस्पितळाला आग लावताय?"

"तसं नाही हो. पण दुसऱ्या एकात आग नाहीये. त्यात त्याने नुसता शब्द पाळला. ती म्हणाली माझ्या दारात येऊ नकोस, तर सहा वर्षं गेला नाही."

"हे बरं आहे. हे स्वस्त आहे आणि यात कोणी भाजत नाही."

मी थट्टा करत होते, पण त्याने ते मनावर घेतलं. तिनेही त्याला सांगितलंच होतं, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही आणि इस्पितळातही यायचं नाही. त्याने ते पाळायचं ठरवलं. इस्पितळाच्या रस्त्याला कागदाची वखार होती, तिथे जायला तो सरळ रस्ता सोडून मोठा वळसा घालायचा. उन्हात, डोक्यावर पुठ्ठ्याचे गठ्ठे घेऊन. एकदा मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "तिने परत यावं असं माझं म्हणणं नाही बाई. ते गेलं. मला एवढंच हवंय, मी काही सांगितलं तर तिने ते एकदा खरं मानावं. एकदाच. मग मी मेलो तरी चालेल."

त्याच्या हातात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला फार उशिरा कळली. दुरुस्तीनंतर पुस्तकाच्या कडा कटिंग मशीनवर एकसारख्या कापून घेतात. बाकीची पुस्तकं तो कापायचा. 'पुन्हा एकदा' कपाटातली मात्र तशीच यायची, कडा खालीवर, पानं बाहेर डोकावणारी. मी कितीदा तरी झापलं. म्हटलं, हे काय काम आहे? पैसे पूर्ण घेता ना? तो मान खाली घालून म्हणायचा, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळी पुन्हा तेच. कडा कापल्या असत्या तर समासातली तीन भोकं कापली गेली असती.

माहेरची पत्रं जुन्या पत्त्यावर, म्हणजे बाइंडरच्या दुकानात यायची. ती आली की त्याने न उघडता माझ्याकडे आणून द्यायची आणि बुधवारी मी तिला द्यायची, अशी व्यवस्था तिनेच लावून दिली होती. चार वर्षं हे सुरळीत चाललं. पत्र द्यायला येताना तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचा, जणू कचेरीत कागद सादर करायचा आहे.

आणि मग मी त्याला ती कादंबरी दिली. अगदी टुकार. त्यातला नायक नायिकेच्या मैत्रिणीच्या पत्रात आपली चिठ्ठी सरकवतो, ती वाचून नायिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पुढे मिठी. मी हसत हसत म्हटलं होतं, "हे वाचा, यात तुमच्या धंद्यातलं काहीतरी आहे."

पुढच्या खेपेला भावाचं पत्र आलं तेव्हा त्याने किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, स्वतःची चिठ्ठी आत घातली आणि खळीने पुन्हा बंद केलं. असं बंद केलं की मी चार वेळा उलटसुलट करूनही मला काही दिसलं नसतं. मी ते तिला दिलं.

बरोबर एका आठवड्याने ती आली. पुस्तकं आपटली नाहीत, हलकेच ठेवली.

"ताई, चिठ्ठीत त्याने काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "मी पाकीटच बघत बसले. इतकं सुरेख चिकटवलं होतं. मग मनात आलं, याआधीची सगळी पत्रं अशीच आली असतील का?"

"नाही गं. पहिल्यांदाच केलं असेल त्याने."

"तुम्हाला काय माहीत?"

मला खरंच काय माहीत होतं?

"यापुढे त्याच्या हातून आलेलं काही मला देऊ नका," ती म्हणाली. "घरचं आहे म्हणाला तरी नाही. मीच कधी मऊ पडून मागितलं तरी देऊ नका. मी दादाला तुमचा पत्ता कळवते. दुकान हलवलं म्हणून लिहीन. चालेल ना? आता मला भरवशाची अशी एवढी एकच जागा आहे."

मला काय वाटलं म्हणून सांगू? मला आनंद झाला. एक माणूस आपल्यावर एवढा विसंबतो, या गोष्टीने मी फुगले. बाइंडर आला तेव्हा मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की आतल्या कपाटाशी उभी असलेली निवृत्त शिक्षिकासुद्धा पुस्तक न घेता निघून गेली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "त्यात फक्त माफी लिहिली होती, बाई."

"वाफेवर उघडून?"

तो दुरुस्तीची पुस्तकं उचलून बाहेर पडला.

पुढे दीड वर्ष काही घडलं नाही. भावाची पत्रं माझ्या पत्त्यावर यायला लागली. बाइंडर पुस्तकं घ्यायला आणि द्यायला यायचा. कादंबऱ्या वाचणं त्याने सोडलं नव्हतं, पण शंका विचारणं सोडलं.

मग एका शुक्रवारी दुपारी तो धापा टाकत आला. अंघोळ नाही, सदऱ्याला खळीचे डाग, हातात पाकीट.

"बाई, हे आजच तिला पोचवा. आत्ता. जुन्या पत्त्यावर आलंय. तिच्या वहिनीचं अक्षर आहे. वहिनी कधी लिहीत नाही."

"काय लिहिलंय?"

"मला काय माहीत? मी उघडलं नाही." त्याने पाकीट पुढे केलं. "बघा ना. या वेळी उघडलं नाही."

मी पाकीट घेतलं आणि खिडकीशी नेलं. बंद होतं. चांगलं बंद होतं. मागचंही असंच बंद होतं.

"तिने काय सांगितलंय ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे. पण हे खरंच घरचं आहे. दादा कामानिमित्त बाहेरगावी असेल, म्हणून वहिनीने जुना पत्ता शोधून लिहिलं असेल. बाई, तुम्ही इस्पितळात जा. पाच मिनिटांचं काम आहे."

"एवढी घाई आहे तर तुम्हीच जा की."

हे मी मुद्दाम म्हणाले. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. "मी तिच्या दारात जाणार नाही म्हणून शब्द दिलाय," तो म्हणाला. "पाच वर्षं झाली."

मला वाटलं, हे सुद्धा कुठल्यातरी कादंबरीतलंच आहे. वहिनीचं अक्षर काढणं काय अवघड आहे? पुस्तकांच्या पाठीवर हा दहा प्रकारची अक्षरं काढतो. मी म्हटलं, "ठेवते. बघू." तो गेला आणि मी पाकीट खणात टाकलं. वर जुन्या सभासदांची कार्डं ठेवली. शनिवारी तो दारावरून दोनदा गेला, आत वाकून बघत. मी मान वर केली नाही. सोमवारी आत आला, "दिलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "माझं मी बघते, तुम्ही तुमचे पुठ्ठे कापा."

बुधवारी ती आली. त्या दिवशी कधी नव्हे ती खुशीत होती. आधीच्या आठवड्यातली कादंबरी तिला आवडली होती. "शेवट बदलला असता तर अजून बरी झाली असती," म्हणाली आणि चक्क हसली. माझा हात खणाकडे गेला होता, हे मी शपथेवर सांगते. पण मनात आलं, कशाला हिचा दिवस नासवा? आणि देऊ नका असं हिनेच सांगितलंय. मी हात मागे घेतला. तिने दोन पुस्तकं निवडली, एकतिसावं पान तपासलं आणि गेली.

गुरुवारी सकाळी माझ्या पत्त्यावर भावाची तार आली. आई काल गेली. पाच दिवस तुझी वाट पाहत होती. वहिनीचं पत्र मिळालं नाही का?

मी तार दोनदा वाचली. मग खण उघडला, पाकीट काढलं, वाचनालयाला कुलूप घातलं आणि तिच्याकडे न जाता बाइंडरकडे गेले. का गेले? खरं सांगायचं तर मला त्याच्याशी भांडायचं होतं. तुमच्यामुळे हे झालं, तुम्ही ते पाकीट तसं चिकटवलं नसतं तर मी हे लगेच दिलं असतं, असं सगळं मी रस्ताभर जुळवत होते. त्याच्या टेबलासमोर पोचले. मी नुसती तार पुढे केली.

त्याने हात पुसून तार वाचली, ओळीवर बोट ठेवून. मग माझ्या दुसऱ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता हा मला बोलेल. मी त्याला वर्षानुवर्षं जे बोलले त्यातला चौथा हिस्सा तरी.

"द्या ते इकडे," तो म्हणाला. "माझ्याकडेच राहिलं होतं असं सांगतो."

"काहीतरीच काय बोलता?"

"माझ्या नावावर एक आहेच. दुसरं चढल्याने काय फरक पडतो? पण तुम्ही ठेवलंत हे कळलं तर ती तुमच्याकडे यायची नाही. मग तिने जायचं कुठे? चादरी शिवायच्या आणि खोलीत जायचं, एवढंच." त्याने माझ्या हातातून पाकीट आणि तार दोन्ही काढून घेतली. मी सोडलं. हेही लिहायला हवं. त्याने ओढून घेतलं नाही, मी बोटं सैल केली.

पाच वर्षं पाळलेला शब्द मोडून तो त्या दिवशी सरळ रस्त्याने इस्पितळात गेला. मी लांबून मागे होते. कपड्यांच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली, एका हातात चादर. हा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, नंतर त्यानेच सांगितलं. "हे तुझं पत्र. शुक्रवारी आलं. मी ठेवलं होतं." तिने पाकीट उघडलं नाही. आधी तार वाचली. मी तयारीत होते, ती किंचाळेल, मारेल, चार लोक जमतील. तसं काही झालं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने आतून दार लावून घेतलं.

त्यानंतर तो सव्वादोन वर्षं जगला. पुस्तकं न्यायचा, आणायचा, 'पुन्हा एकदा'च्या कडा तशाच ठेवायचा. कादंबऱ्या वाचणं त्या गुरुवारपासून बंद केलं. एकदा मीच एक नवी पुढे केली तर म्हणाला, "नको बाई. आता शिकून काय करायचंय?" माझ्याशी मात्र पहिल्यासारखाच वागला आणि तेच मला सहन व्हायचं नाही. दोनदा मी म्हटलं, मी जाऊन तिला खरं सांगते. दोन्ही वेळा त्याने हात जोडले. आणि दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं.

बुधवारवाली दर बुधवारी येत राहिली. एकदा म्हणाली, "बघा ताई, तुम्हाला मी सांगितलं होतं ना, त्याच्या हातून आलेलं काही देऊ नका म्हणून. तरीही या वेळी तुमच्याकडे आणून दिलं असतं, तर निदान तुम्ही दिलं असतंत." मी रजिस्टरमध्ये बघत हूं म्हटलं.

तो गेल्याचं तिला चष्मेवाल्याने कळवलं. त्याच आठवड्यात बुधवारी ती नेहमीच्या वेळी आली. बगलेत दोन पुस्तकं. डोळे कोरडे. मी तिला त्याच्या टेबलावरून आणलेली सात पुस्तकं दाखवली. तिने ते अर्धवट शिवलेलं उचललं, टाक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "दोरा सैल धरलाय. कधी जमलं नाही त्याला."

मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. आधी कडांचं आणि त्याच्या त्या एका मागण्याचं सांगितलं, मग शुक्रवारचं, खणाचं, कार्डांचं, बुधवारी मागे घेतलेल्या हाताचं आणि सैल सोडलेल्या बोटांचं. काही गाळलं नाही. ती मला मारेल तर बरं होईल, असं वाटत होतं.

तिने मग हातातलं पुस्तक उघडून एकतिसावं पान काढलं आणि समासातल्या तीन भोकांवर अंगठा ठेवला.

"त्याला काय हवं होतं म्हणालात?"

"तू त्याचं एकदा तरी खरं मानावंस. एकदाच."

"मानलं की," ती म्हणाली. "त्या दिवशी दारात म्हणाला, मी ठेवलं होतं. मी लगेच मानलं. एक शब्दही विचारला नाही. घर सोडल्यापासून त्याचं एवढं एकच मी खरं मानलं, ताई, आणि तेच खोटं होतं."

तिने बगलेतली दोन पुस्तकं टेबलावर ठेवली, त्यावर आपलं सभासदाचं कार्ड ठेवलं आणि ते अर्धवट शिवलेलं पुस्तक घेऊन गेली. पुढच्या बुधवारी ते माझ्या दाराशी ठेवलेलं सापडलं. शिलाई पूर्ण केलेली होती, घट्ट आणि सरळ, आणि कडा कापलेल्या नव्हत्या. ती स्वतः आली नाही. आज तेरावा बुधवार आहे.